गाठ : शरीरातील लसीका अवयवांची रचना व त्यांतील पेशी

— रुग्णालय प्रशासक

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, देणगीदारांची नामावली व रुग्णसंख्येचे तक्ते यांसोबत एक आरोग्यविषयक लेख देण्याचा प्रघात आहे. हा लेख एरवी वैद्यकीय अधिकाऱ्यांपैकी कोणीतरी लिहितात. या वर्षी तो माझ्याकडे आला, त्यास एक खर्चाची बाब कारणीभूत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या शल्यचिकित्सकांनी कार्यालयाकडे एक टिपण पाठविले. त्यात दोन मागण्या होत्या : एक चांगला सूक्ष्मदर्शक आणि सोलापूरहून पंधरा दिवसांतून एकदा येणाऱ्या विकृतिशास्त्रतज्ज्ञांचे मानधन. प्रयोजन म्हणून ‘मानेच्या, काखेच्या व जांघेच्या गाठींची तपासणी’ असे लिहिले होते. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. टिपणावर शेरा मारला, “गाठ डोळ्यांना दिसते, हाताला लागते. ती काढून टाकण्यास शस्त्रक्रियागृह आहे. तपासणीवर वेगळा खर्च कशासाठी?” त्या शेऱ्याचे पुढे काय झाले ते यथावकाश येईलच. त्यातील अज्ञान मात्र माझ्या एकट्याचे नव्हते. रुग्णांचे नातेवाईक आणि, क्षमा असावी, काही देणगीदारही आजवर हाच प्रश्न विचारीत आले आहेत. म्हणून हा लेख. यातील वैद्यकीय मजकूर आमच्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे. उपमा माझ्या आहेत व त्या बहुधा हिशेबाच्या वहीतल्या आहेत.

मैंदर्गी हे सीमेवरचे गाव. येथे अनेक घरांत मराठी व कन्नड दोन्ही भाषा नांदतात. आपण जिला गाठ म्हणतो तिला कन्नडमध्ये गंटु म्हणतात. दोन्ही भाषांत या शब्दाला साठविलेल्या पैशाचाही अर्थ आहे. गाठीशी चार पैसे असावेत, असे आपण म्हणतोच. बाह्यरुग्ण विभागात मात्र हा शब्द कानी पडताच माणसाचा चेहरा उतरतो.

पायात बाभळीचा काटा मोडला व ती जागा पिकू लागली, की दोन-तीन दिवसांत त्याच बाजूच्या जांघेत दुखरी गाठ येते. तिला आपल्याकडे अवधाण म्हणतात. अवधाण आली असे मुलाने सांगितले, की घरातील आजी जांघ न पाहता आधी त्याचा तळपाय पाहत असे. काटा निघाला, जखम भरली, की गाठ आपोआप बसते हे तिला ठाऊक होते. पाय आणि जांघ यांचा हा संबंध कसा जुळतो, ते समजले की पुढील सारे समजण्यास सोपे जाते.

रोजची तूट

हृदयाने ढकललेले रक्त शेवटी केसाहून बारीक वाहिन्यांत पोहोचते. त्यांच्या भिंती इतक्या पातळ असतात की रक्तातील पाणी, क्षार, साखर व थोडी प्रथिने बाहेर पाझरून आसपासच्या पेशींचे पोषण करतात. पाझरलेले सर्व काही थेट रक्तात परत येत नाही. दिवसाअखेर दोन ते तीन लिटर द्रव बाहेर उरतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त सुमारे ५ लिटर. ज्या पेढीच्या रोजमेळात दररोज भांडवलाच्या निम्म्याने तूट येईल ती पेढी दुसऱ्या दिवशी उघडणार नाही. शरीराची पेढी चालते, कारण हा उरलेला द्रव गोळा करून परत रक्तात जमा करणारे वाहिन्यांचे दुसरे जाळे शरीरभर पसरलेले आहे. त्या द्रवाला लसीका म्हणतात व त्या वाहिन्यांना लसीकावाहिन्या. खरचटल्यावर जी फिकट पिवळसर लस झिरपते ती याच जातीची. देवीच्या रोगावर पूर्वी गोस्तन देवीच्या फोडातील लस टोचीत असत. त्यावरून रोगप्रतिबंधक टोचणीलाच लस हे नाव मिळाले, हे जाता जाता.

या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नाही. त्यांच्या भिंती हलकेच आकुंचन पावतात, भोवतालचे स्नायू चालण्याफिरण्याने त्यांना दाबतात आणि आतील झडपा द्रवाला मागे फिरू देत नाहीत. अशा रीतीने तळपायाची लसीका जांघेतून, पोटातून, छातीतून वर येऊन मानेच्या बुंध्याशी, डाव्या बाजूस, एका मोठ्या शिरेत मिळते.

तथापि हा द्रव जसाच्या तसा रक्तात सोडणे धोक्याचे आहे. काट्यासोबत आत शिरलेले जंतूही त्यातच असतात. म्हणून वाटेवर जागोजागी नाके आहेत. पूर्वी गावाच्या वेशीवर जकात नाका असे. गाडी थांबे, ताडपत्री उचलली जाई, माल पाहिला जाई. शरीरातील असे नाके म्हणजे लसीका ग्रंथी. त्यांची संख्या साधारण ५०० ते ८०० भरते. मान, काख, जांघ, छातीचा मध्यभाग व आतड्यांभोवतीचा पडदा येथे त्यांची दाटी आहे. निरोगी अवस्थेत त्या मसुरीपासून घेवड्याच्या दाण्यापर्यंत आकाराच्या व मऊ असतात. सडपातळ मुलाच्या मानेवर हात फिरविल्यास दोन-चार बोटाला लागतातच. तो रोग नव्हे.

काचपट्टीवर काय दिसले

माझ्या शेऱ्यावर शल्यचिकित्सकांनी वाद घातला नाही. एके दिवशी दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलाविले व जुन्या सूक्ष्मदर्शकासमोर बसविले. काचपट्टीवर एका ग्रंथीचा गुलाबी-जांभळ्या रंगात रंगविलेला पातळ काप होता. प्रथम मला केवळ जांभळे ठिपके दिसले. पाऊण तास ते शेजारी उभे राहून सांगत होते व मी पाहत होतो. त्यानंतर मी टिपण परत मागविले.

ग्रंथीचा आकार घेवड्याच्या बीसारखा असतो. फुगीर बाजूने अनेक बारीक लसीकावाहिन्या आत शिरतात. खोलगट बाजूने एखाददुसरीच बाहेर पडते. तेथूनच धमनी आत येते व शीर बाहेर जाते. येण्यास वाटा पुष्कळ आणि जाण्यास एक, यामुळेच आत आलेला द्रव रेंगाळतो व त्याची झडती नीट होते. सर्वांत बाहेर तंतूंचे आवरण. त्याच्या लगत एक अरुंद पोकळी, जिच्यात भक्षक पेशी दबा धरून बसलेल्या असतात. या आकाराने मोठ्या. समोर येईल तो जंतू किंवा मृत पेशीचा तुकडा गिळतात.

आवरणाच्या आत गोल पुंजके दिसतात. ते बी-पेशींचे. त्याखालच्या पट्ट्यात टी-पेशींचे राज्य. अगदी आत, बाहेर पडण्याच्या वाटेजवळ, दोऱ्यांसारख्या रांगांत प्रतिपिंडे बनविणाऱ्या पेशी. बी आणि टी या दोन्ही पेशी लसीकापेशी या एकाच कुळातल्या. सूक्ष्मदर्शकाखाली दोघीही सारख्याच, गर्द जांभळ्या वाटोळ्या दिसतात. तज्ज्ञालाही त्या नुसत्या नजरेने वेगळ्या काढता येत नाहीत. कोण कोठे बसली आहे त्यावरून, किंवा विशेष रंग वापरून, ओळख पटते. बसण्याच्या जागा ठरलेल्या असणे हे आमच्या कार्यालयातच नव्हे, ग्रंथीतही महत्त्वाचे आहे, असे मला त्या दिवशी कळले.

आता काट्याकडे वळू. काटा रुतला त्या जागी, त्वचेत, फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी असतात. त्यांना डेंड्रिटिक पेशी म्हणतात. त्या जंतूचा अंश उचलतात, लसीकावाहिनीत उतरतात व जांघेतील ग्रंथी गाठून टी-पेशींच्या पट्ट्यात जाऊन बसतात. तेथे त्या उचललेला अंश पृष्ठभागावर मांडून ठेवतात. समोरून टी-पेशींची रांग सरकत असते. प्रत्येक टी-पेशी केवळ एकाच आकाराचा अंश ओळखू शकते. म्हणजे एका कुलपाची एकच किल्ली, आणि अशा किल्ल्यांचे प्रकार कोट्यवधी. त्यामुळे विशिष्ट जंतूला ओळखणारी पेशी लाखात एखादीच असते. ही एखादी पेशी सापडावी कशी? त्याची सोय अशी की लसीकापेशी एका जागी राहत नाहीत. त्या रक्तातून ग्रंथीत येतात, काही तास ते दिवसभर थांबून पाहणी करतात, काही न आढळल्यास बाहेर पडून पुढील ग्रंथीत जातात. ही गस्त जन्मभर चालू असते.

जंतूची वर्दी येताच नाक्यावरील नियम बदलतात. आत येणाऱ्या पेशींचा ओघ वाढतो व बाहेर जाण्याचा दरवाजा काही काळ बंद होतो, म्हणजे योग्य पेशी निसटू नये. ती सापडली की तिचे विभाजन सुरू होते. चार-पाच दिवसांत एकीच्या हजारो होतात. ग्रंथी फुगते, आवरण ताणले जाते आणि दुखते. आपण म्हणतो अवधाण आली. वस्तुतः त्या वेळी ग्रंथी आजारी नसते. तिच्या कामाची ती घाई असते.

दरम्यान बी-पेशींच्या पुंजक्यांत मध्यभागी फिकट जागा तयार होते. तिला अंकुरकेंद्र म्हणतात. येथे बी-पेशी आपल्या प्रतिपिंडाच्या घडणीत लहान लहान बदल करतात. जिचा बदल जंतूला अधिक घट्ट चिकटतो ती पुढे जाते, इतर मरतात व भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. निवडलेल्या पेशींपैकी काही प्रतिपिंडे तयार करू लागतात. अशी एक पेशी सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडते. काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे टिकतात. आणि काही स्मृतिपेशी होऊन राहतात. खूणगाठ बांधणे हा आपला शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. तोच जंतू दहा वर्षांनी आला तरी त्याची नोंद निघते व बंदोबस्त दोन दिवसांत होतो. लस टोचणे म्हणजे हीच खूणगाठ रोगाचा त्रास न भोगता बांधून घेणे. म्हणूनच बीसीजी लसीनंतर काही बाळांच्या डाव्या काखेत बारीक गाठ येते, आणि २०२१ साली करोनाची लस घेतल्यावर काहींना काखेत गाठ जाणवली होती.

या पेशी येतात कोठून

सर्व रक्तपेशींप्रमाणे लसीकापेशींचाही जन्म हाडांच्या आतील अस्थिमज्जेत होतो. बी-पेशी तेथेच तयार होतात. त्यांचे नाव मात्र कोंबडीवरून पडले. पक्ष्यांच्या शेपटीजवळ फॅब्रिशियसची पिशवी नावाचा एक अवयव असतो. अमेरिकेत ब्रूस ग्लिक या संशोधकाने तो काढलेल्या कोंबड्यांत प्रतिपिंडे तयार होत नाहीत असे दाखविले. हा निबंध एका नामांकित नियतकालिकाने परत केला व १९५६ साली तो कुक्कुटपालनविषयक नियतकालिकात छापून आला. पिशवीच्या इंग्रजी नावाचे आद्याक्षर त्या पेशींना मिळाले.

टी-पेशी बालवयातच मज्जेतून निघून छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत जातात. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे नेमके नाव आहे, कारण तारुण्यानंतर ती आकसत जाते व तिच्या जागी चरबी भरते. १९६१ पर्यंत तिला काही काम आहे असे फारसे कोणी मानीत नव्हते. त्या वर्षी लंडनमध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांची ही ग्रंथी काढली, तेव्हा ते उंदीर साध्या संसर्गालाही तोंड देऊ शकले नाहीत. थायमस ही टी-पेशींची परीक्षा घेणारी शाळा आहे. स्वतःच्या शरीरावर हल्ला करील अशी पेशी तेथेच नष्ट केली जाते, निरुपयोगी तीही. शंभरांतील पाचही उत्तीर्ण होत नाहीत. इतके करूनही काही नाठाळ पेशी निसटतात. त्यांना आवर घालणाऱ्या वेगळ्या टी-पेशी असतात व त्यांच्या शोधाबद्दल २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रुन्कॉव, फ्रेड रॅम्सडेल व शिमोन साकागुची यांना मिळाले. लेखापरीक्षकाचाही लेखापरीक्षक असावा लागतो, असे आमच्या लेखापालांनी हे वाचून म्हटले.

प्लीहा, जिला खेड्यात पाणथरी म्हणतात, डाव्या बरगड्यांखाली असते. वजन सुमारे १५० ग्रॅम. लसीका ग्रंथी लसीका गाळते, प्लीहा रक्त गाळते. तिच्या लाल भागात सुमारे १२० दिवसांचे आयुष्य संपलेल्या तांबड्या पेशी मोडीत निघतात. पांढऱ्या भागात बी व टी पेशींचे तेच कामकाज चालते. हिवतापात ती वाढते. अपघातात फाटून काढावी लागल्यास रुग्णाला काही विशिष्ट लसी द्याव्या लागतात, कारण न्यूमोनियाच्या जंतूंसारखे काही जंतू मुख्यतः तीच पकडते. घशातील टॉन्सिल आणि लहान आतड्याच्या भिंतीतील चकत्या हेही याच कुटुंबातले. विषमज्वराचे जंतू या चकत्यांतच ठाण मांडतात. उपचाराविना राहिलेल्या रुग्णाचे आतडे तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास फुटते ते याच जागी.

नाका पडतो तेव्हा

हे सर्व वाचून ग्रंथी अजिंक्य आहे असा समज होऊ नये. आपल्या राज्याला त्याचा फार मोठा अनुभव आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना तापाने फणफणलेल्या व जांघेत गाठ आलेल्या रुग्णांत प्लेग ओळखता आला. लोक त्याला गाठीचा ताप म्हणत. पिसवाच्या चाव्यातून आलेले जंतू जवळच्या ग्रंथीत पोहोचतात, भक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु जंतू त्यांच्या पोटात जिवंत राहतात व वाढतात; काही दिवसांत ग्रंथी आतून उद्ध्वस्त होते. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये हा जंतू मृतांच्या गाठीतूनच शोधून काढला होता. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी मांसाच्या अर्कावर तुपाचे थेंब तरंगत ठेवून जंतू वाढविले, उष्णतेने मारले व १० जानेवारी १८९७ रोजी ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी १० मार्चला, पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील मामला गावी ग्रंथिक प्लेगचे संशयित रुग्ण आढळले तेव्हा जुन्या माणसांच्या अंगावर काटा आला होता.

आज आपल्या बाह्यरुग्ण विभागात गाठ घेऊन येणाऱ्यांत ज्याची प्रथम शंका घ्यावी लागते तो क्षयरोग. पूर्वीच्या वैद्यकातील गंडमाळा पुष्कळदा हाच असे. क्षयाचे जंतूही भक्षक पेशीत मरत नाहीत. तेव्हा ग्रंथी दुसरा मार्ग धरते : त्यांच्याभोवती पेशींचे कडे घालून त्यांना कोंडते. कड्याच्या आतील भाग मरून चक्क्यासारखा होतो. शेजारच्या गाठी एकमेकींना चिकटतात, फारशा दुखत नाहीत, आणि दुर्लक्ष झाल्यास कातडी फोडून वाहू लागतात. हा क्षय केवळ गाठीत असेल तर त्याचा संसर्ग घरातल्यांना होत नाही. तरीही मुलीच्या मानेवरची गाठ शालीखाली लपविणारे आईवडील आम्ही पाहतो.

हत्तीरोगाची तऱ्हा वेगळी. सोलापूर जिल्ह्याचे नाव राज्याच्या हत्तीरोगप्रवण जिल्ह्यांत आले आहे, सीमेपलीकडील कलबुर्गीचे कर्नाटकाच्या यादीत. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासाने सोडलेला कृमी लसीकावाहिन्यांत व जांघेतील ग्रंथींजवळ पाच-सात वर्षे राहतो. वाहिन्या रुंदावतात, झडपा निकामी होतात, आणि वर सांगितलेली रोजची तूट पायातच साचू लागते. सरकारी मोहिमेत घरी येऊन देतात त्या गोळ्या समोरच गिळाव्यात. फळीवर ठेवलेल्या गोळ्यांनी कृमी मरत नाही.

कर्करोगाबाबत एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण आपल्याकडे तंबाखू व मावा यांचे प्रमाण सर्वांना दिसते आहे. मुखाच्या कर्करोगाच्या पेशी लसीकेबरोबर मानेच्या ग्रंथीत जातात व तेथे रुजतात. गाठ हाताला लागत नसेल तर ग्रंथी काढाव्यात की वाट पाहावी, हा जगभरचा जुना वाद होता. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी त्याचा निकाल लावला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या ५०० रुग्णांच्या निष्कर्षांत, पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेच्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के. म्हणजे ग्रंथी कधी कधी काहीच बोलत नाही आणि तरी आत शत्रू असतो. आपल्याच जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. देशातील ती या प्रकारची पहिली.

एकच गाठ, आणि मागे काटा, क्षय, कृमी किंवा कर्करोग. हिशेबात ज्या रकमेचा उगम ठाऊक नसतो ती आम्ही उचंत खात्यात टाकतो. ती रक्कम खोडून टाकणे हा गुन्हा आहे. ती कोठून आली हे शोधावे लागते. गाठीवर बिब्बा घालणे, डाग देणे किंवा न तपासता ती कापून फेकणे हे उचंत खाते खोडण्यासारखेच. कोणी ओळखीच्याने दिलेल्या सूज उतरविणाऱ्या गोळ्याही घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास काही कर्करोगांच्या गाठी तात्पुरत्या बसतात व निदान महिनोन्‌महिने लांबते. दोन आठवड्यांत न बसलेली, वाढत जाणारी, दगडासारखी घट्ट किंवा जागची न हलणारी गाठ दाखवावी. गळपट्टीच्या हाडावरची गाठ कोणत्याही वयात ताबडतोब. सोबत सायंकाळचा ताप, रात्रीचा घाम वा वजन घटणे असेल तर एक दिवसही थांबू नये. बारीक सुईने पेशी काढून काचपट्टीवर पाहणे हे काम काही मिनिटांचे आहे. सुई लावली की गाठ चिघळते किंवा रोग पसरतो, या भीतीमुळे अनेकजण तपासणी टाळतात. डॉक्टरांच्या मते ही भीती अनाठायी आहे.

आता माझ्या शेऱ्याविषयी. ज्या आठवड्यात मी तो लिहिला त्याच आठवड्यात एका हमालाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा मानेच्या गाठीसाठी आला होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) गाठीवर बिब्ब्याचा काळा डाग होता. आपल्याकडे सोय नसल्याने त्याला सोलापूरला पाठविले. तेथे सरकारी रुग्णालयात तपासणी विनामूल्य होते, पण जाणेयेणे दोन वेळा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी. ते गेले नाहीत. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला तेव्हा गाठ फुटून वाहत होती. तोवर सूक्ष्मदर्शक आला होता. सुईच्या तपासणीत क्षय निघाला, सीबी-नॅट चाचणीने त्यास दुजोरा मिळाला आणि शासकीय कार्यक्रमातून सहा महिन्यांचे औषध सुरू झाले. सकस आहारासाठी मिळणारी रक्कम, जी एप्रिल २०१८ पासून महिना ५०० रुपये होती व नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये आहे, ती त्याच्या खात्यात जमा झाली की नाही हे पाहण्याचे काम मी स्वतःकडे घेतले.

दुसऱ्या महिन्यात शेजारची दुसरी गाठ वाढली. त्याची आई गोळ्यांची पाकिटे घेऊन आली व म्हणाली, “साहेब, औषध उलटलंय. बंद करू का?” हे पुष्कळांच्या बाबतीत घडते व येथेच पुष्कळजण औषध सोडतात. मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर ग्रंथीतील पेशी नव्या जोमाने तुटून पडतात, त्यामुळे गाठ काही काळ मोठी होते. डॉक्टरांनी तिला काचपट्टीच दाखविली. तिला किती कळले ते सांगता येत नाही, परंतु मुलगा औषध घेत राहिला. सहा महिन्यांनंतर जखम भरली. गाठीच्या जागी ज्वारीच्या दाण्याएवढे कठीण काहीतरी अजून बोटाला लागते. ते बहुधा तसेच राहील व त्यास उपचाराची गरज नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. आमच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे ‘उपचार पूर्ण’ असा शिक्का आहे, आणि टिपणाच्या फाइलमध्ये माझा शेराही मी तसाच ठेवला आहे.